बारास एक

आमच्या चिरंजीवांनी सिअ‍ॅटलहून एक शब्द पाठवला, ‘एजिंग इन प्लेस’. सोबत निळ्या अक्षरांतल्या अकरा लिंका. हिनं चष्मा लावून पहिली लिंक उघडली, मिटली आणि विचारलं, “म्हणजे काय हो?” पाटबंधारे खात्यात जन्मभर वरून आलेल्या इंग्रजी परिपत्रकांचं मराठी करण्यात माझी हयात गेलेली. म्हटलं, “जागच्या जागी म्हातारं होणे.”

आई शेंगा फोडत बसली होती. वय ८६. मान वर न करता म्हणाली, “मग आम्ही काय एस.टी. स्टँडवर जाऊन झालो?”

तर म्हातारपणी आपल्याच घरात सुखानं राहता यावं म्हणून साताऱ्यातला आमचा प्लॉट, ज्यावर पंधरा वर्षं फक्त गवत आणि शेजाऱ्यांच्या शेळ्या पोसल्या गेल्या, त्यावर घर बांधायचं ठरलं. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. घर आईसाठी, असं मी भेटेल त्याला सांगत सुटलो. मी स्वतः ६४ वर्षांचा आहे आणि दुसऱ्या मजल्यावर वर्तमानपत्र वाचायचं निमित्त काढून थांबतो, ही माहिती त्यात कुणाच्या उपयोगाची नव्हती.

आर्किटेक्ट म्हणजे हिच्या मैत्रिणीची मुलगी. आली ती टेप घेऊनच. आईला खुर्चीवर बसवून कोपर जमिनीपासून किती उंच, हात पुढे किती पोचतो, वर किती पोचतो, सगळं मोजून वहीत लिहिलं. आई शांतपणे मापं देत होती. शेवटी म्हणाली, “बाह्या जरा सैल ठेव. आणि अस्तर लावशील ना?”

पहिली लढाई रॅम्पवरून झाली. मिस्त्रीचं म्हणणं, जोतं दोन फूट हवंच. “खाली घेतलं तर पावसाचं पानी पाटावर येऊन बसंल जेवाय, सायेब.” आर्किटेक्टचं म्हणणं, एक फूट पुरे. घासाघीस होऊन दीड फुटावर आलं. मग तिनं सांगितलं, चाकाच्या खुर्चीसाठी उतार बारास एक. एक इंच चढायला बारा इंच लांबी. दीड फुटाला अठरा फूट, शिवाय वर दारापाशी खुर्ची वळायला पाच फुटांचा चौक. आमचं पुढचं अंगण दहा फूट. म्हणजे रॅम्प सरळ काढला असता तर आई नगरपालिकेच्या रस्त्यावर उतरली असती.

मिस्त्री म्हणाला, “आवं, पाच फुटांत बसवतो की. मोटारसायकल फर्रकन चढंल.”

“आजींना गिअर नाहीत,” आर्किटेक्ट म्हणाली.

मी आयुष्यभर कालव्यांचे उतार काढले. पण ते पाण्याला खाली न्यायचे. माणसाला वर आणायचं गणित निराळं असतं हे निवृत्तीनंतर कळलं. अखेर रॅम्प घराच्या दक्षिण अंगाला भिंतीलगत घेतला, चार फूट रुंद, दोन्ही बाजूंना कठडा. दक्षिण म्हटल्यावर शेजारचे वास्तुतज्ज्ञ काका (निवृत्त स्टेशनमास्तर) कुंपणावरून दोन दिवस नुसते मान हलवत होते.

दुसरी लढाई उंबरठ्याची. नियम असा की चाकाच्या वाटेत अर्ध्या इंचापेक्षा उंच काही नको. आईनं इथं मात्र शेंगा बाजूला ठेवल्या. “उंबऱ्याशिवाय घर? अरे, नवी सून माप कुठं ओलांडणार? हळदीकुंकू कशाला लावायचं? लक्ष्मी जशी आत येईल तशी घरंगळत बाहेर जाईल.” आमच्या वाईच्या वाड्यात उंबरठा गुडघ्याएवढा आणि दार इतकं बुटकं की खाली ठेचाळावं आणि वर कपाळमोक्ष व्हावा. त्याच वाड्यात माडीच्या जिन्याला वरून जाड दोर सोडलेला असे. पणजी त्याला धरून ऐंशीव्या वर्षी पायलीभर ज्वारी घेऊन वर जायची. आर्किटेक्टला हे सांगितलं तर ती वहीत लिहून घेऊन म्हणाली, “काका, हाच तर ग्रॅब बार, धरून उठायची दांडी.” मला फार बरं वाटलं. आमच्या खानदानात कुणीतरी काळाच्या पुढं होतं. उंबरठ्याचं म्हणाल तर सागवानाची पट्टी फरशीत अर्धा इंच वर ठेवून बसवली. आई तिला ‘उंबऱ्याचा फोटो’ म्हणते. हळदीकुंकू लावते, पण मनापासून नाही.

मग कमोड. नेहमीचे कमोड बुटके, म्हाताऱ्या गुडघ्यांना उठवत नाहीत. बसायची उंची अठरा इंचांच्या आसपास हवी. “काका, बसून बघायला लागेल.” आता आईला दुकानात कोण नेणार? म्हणून मी. दुकान पोवई नाक्याजवळ, दर्शनी भागाला भलीमोठी काच, आणि काचेमागे ओळीनं अकरा कमोड मांडलेले. मी पहिल्यावर बसलो. उठलो. दुसऱ्यावर बसलो. आर्किटेक्ट शेजारी टेप लावून उभी. “पाय टेकतायत? हात कुठं जातोय आपोआप? तिथंच थांबा!” मी उजवा हात हवेत धरून सातव्या कमोडवर थांबलो आणि बाहेर सिग्नलला आमचे जुने कार्यकारी अभियंता स्कूटरवर थांबले. नजरानजर झाली. हात वरच होता, म्हणून मी तो हलवला. त्यांनीही हलवला. सिग्नल सुटला, पण साहेब गेले नाहीत. मागचे हॉर्न वाजवायला लागले तेव्हा गेले.

माझा हात जिथं हवेत थांबला तिथं आता न्हाणीघरात दांडी आहे. बसवताना नवाच घोळ झाला. पश्चिमेच्या भिंती तापतात म्हणून आर्किटेक्टनं त्या ‘रॅट ट्रॅप बाँड’नं बांधून घेतल्या होत्या. विटा कडेवर उभ्या लावायच्या, मध्ये पोकळी राहते, पोकळीतली हवा ऊन आत येऊ देत नाही, आणि विटाही पाव हिश्शानं कमी लागतात. मिस्त्रीला नावाचा अर्थ सांगितल्यावर तो दिवसभर खूश होता, “उंदराचा सापळा बांधतोय.” पण दांडी ठोकायच्या दिवशी प्लंबरचं ड्रिल भिंतीत गेलं ते गेलंच. पोकळ भिंतीत बोल्ट धरणार कशाला? माणसाचं सगळं वजन तोलायचं असतं त्या दांडीला. तेवढा भाग फोडून भरीव केला. दांडी आज भक्कम आहे. तिच्यावर ओला टॉवेल, माझा पंचा आणि हिचा परकर एकाच वेळी वाळतात.

पंख्यांचं लवकर आटोपतो. जुना पंखा ७५ वॉट खायचा, हे नवे, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचे, तीसच्या आसपास. पण त्यांना रिमोट. आईच्या मते जी वस्तू हरवू शकते तिच्यावर वारा अवलंबून ठेवू नये. म्हणून रिमोट देव्हाऱ्यात, बाळकृष्णाशेजारी असतो.

खरा तमाशा गच्चीवर झाला. गच्चीवर सौर पॅनेल बसवायच्या सरकारी सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं म्हटल्यावर मी एकदम पर्यावरणवादी झालो. तीन किलोवॅटला तीनेकशे चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. गच्ची तेवढीच. पण स्टेशनमास्तर काकांनी कुंपणावरून जाहीर केलं, पाण्याची टाकी नैऋत्येलाच, घराचं वजन तिथं हवं. आर्किटेक्ट म्हणाली, हिवाळ्यात दुपारनंतर सूर्य नेमका नैऋत्येला कलतो, टाकीची सावली पॅनेलवर, आणि एका पॅनेलवर सावली पडली की अख्ख्या माळेची वीज उतरते. आता इथं साक्षात सूर्यच वास्तुशास्त्राच्या विरोधात गेलेला. मी टाकी वायव्येला सरकवली. काका आठ दिवस बोलले नाहीत. त्या आठ दिवसांत घराचं बरंच काम झालं.

पॅनेल बसली. दिवसाला बाराएक युनिट वीज यायला लागली. मी रोज सकाळ-संध्याकाळ मोबाइलवर आकडे बघून सिअ‍ॅटलला कळवू लागलो. आणि चैत्रात आई म्हणाली, “वाळवण कुठं घालू?”

गच्चीवर इंचभर ऊन उरलं नव्हतं. पॅनेलखाली उभं राहायला जागा होती, पण तिथं गार सावली. घरावर पडणारं सगळं ऊन मी महावितरणच्या मीटरला जोडून टाकलं होतं. आईनं घराभोवती एक फेरी मारली, काठी टेकत, दुपारी बाराला. दक्षिणेच्या अंगाला थांबली. सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत लख्ख ऊन, कठडे असल्यानं कुत्र्यांचा त्रास नाही, वाकावं लागलं तर धरायला नळी. अठरा फूट बाय चार.

दुसऱ्या दिवशी रॅम्पवर प्लॅस्टिक अंथरून साबुदाण्याच्या पळीपापड्या पडल्या. संध्याकाळी मला हाक आली. सगळ्या पापड्या लंबगोल, खालच्या अंगाला जाड. पातळ पीठ उताराकडं सरकलं होतं. “तुझा उतार जास्त झालाय,” आई म्हणाली. मी सांगितलं, बारास एक आहे, सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत आहे. “त्या लोकांनी पापड्या घातल्या नसतील,” म्हणून ती आत गेली. नंतर तिनं पीठ घट्ट करून तोड काढली.

माझं काय झालं ते सांगायला नको वाटतं, पण सांगतो. न्हाणीघरात न घसरणाऱ्या खरबरीत फरश्या बसवल्या होत्या. त्यांतलं उरलेलं एक खोकं व्हरांड्यात होतं. त्याला अडखळून मी पडलो. उजव्या पावलाचं हाड, सहा आठवडे प्लॅस्टर. दवाखान्यातून भाड्याच्या चाकाच्या खुर्चीत घरी आलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. रिक्षावाल्यानं खुर्ची उलगडली, ही मागं उभी राहिली, आणि आम्ही डौलानं दक्षिणेकडं वळलो. घरातला पहिला लाभार्थी मीच.

रॅम्पभर कुरडया होत्या. खालपासून वरपर्यंत, हातभर जागा न सोडता. वरच्या चौकात उपरणं डोक्यावर घेऊन आई राखणीला बसलेली.

“आई, बाजूला घे ना जरा.”

तिनं प्लॅस्टरकडं पाहिलं, मग एक कुरडई उचलून बोटानं दाबून पाहिली. “ओल्या आहेत रे अजून. पुढून पायऱ्यांनी ये. यांना दोन उन्हं खाऊ देत.”