लालबागकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर : पाच लाखांचा जमाखर्च

लालबागकर, नमस्कार.

आमच्या सिनेमासाठी ऑनलाइन वर्गणी कशी जमवली, ते मागच्या लेखात मी जरा फुशारकीनंच लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, की ही 'सुशिक्षित भीक' आहे. फाळक्यांनी बायकोचे दागिने गहाण टाकले, पण लोकांपुढे हात पसरला नाही. शिवाय चार वर्षांपूर्वी कुण्या होतकरू पोरांच्या फिल्मला तुम्ही दोन हजार दिले होते. ना फिल्म दिसली, ना कबूल केलेला टी-शर्ट आला. आणि शेवटची ओळ : 'आमच्या चाळीतलं मंडळसुद्धा विसर्जनानंतर फळ्यावर जमाखर्च लावतं. तुमचा कुठाय?'

ही ओळ नसती तर मी 'धन्यवाद, मतभेद मान्य' एवढं लिहून मोकळा झालो असतो.

आधी फाळके. हात त्यांनीही पसरला होता. कुंडीत वाटाणा पेरून, त्याच्या वाढीचं रोज थोडं थोडं चित्रण करून त्यांनी एक छोटी फिल्म केली आणि ती पैसे देऊ शकणाऱ्यांना दाखवली. आम्ही पोरं आज जे 'पिच व्हिडिओ' बनवतो, त्याची ती आजी. दागिने गेले ते सरस्वतीबाईंचे. युनिटचा स्वयंपाक त्यांनी केला, रसायनं कालवली, आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला तेव्हा नाव झालं नवऱ्याचं. तो आदर्श मला नको. माझ्या बायकोलाही नको, तिला विचारलंय.

'सरकारी अनुदान घ्या की' असंही तुम्ही म्हणता. ते सिनेमा पुरा झाल्यावर, सेन्सॉर होऊन परीक्षण झाल्यावर मिळतं. पहिल्या दिवशीच्या जनरेटरला त्याचा उपयोग नाही.

आता 'मंथन'. १९७६ साली गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये दिले, दहा लाख झाले, श्याम बेनेगलांनी सिनेमा केला. आमच्या जमातीचा हा लाडका दाखला. मीही लेखात ठोकून दिला होता. तुमचं वाचल्यावर वाटलं, तो आम्हाला लागूच पडत नाही. तिथे गावोगाव दूध सोसायट्या उभ्या होत्या, रोजचा हिशेब चालू होता, ते दोन रुपये दुधाच्या पैशातूनच वळते झाले. गोष्ट त्यांचीच, आणि बघायला ट्रक भरभरून आले तेही तेच. आमच्याकडे काय, एक लिंक आणि व्हॉट्सॲपचे ग्रुप. आम्हाला २१४ जणांनी पैसे दिले, त्यातले दीडशेच्या वर टीममधल्या कुणाच्या ना कुणाच्या ओळखीचे. आईच्या भिशीतल्या अकरा बायकांनी पाचपाचशे दिले. त्यातल्या एकीने 'हे परत कधी रे मिळणार?' असं विचारलं, तेव्हा मी चहा आणायला आत गेलो.

परत का मिळत नाहीत, हा तुमचाही प्रश्न. नफ्यात वाटा देतो म्हणून असे जाहीरपणे पैसे गोळा करणं आपल्याकडे कायद्यात बसत नाही. कंपनी काढून खासगीत शेअर द्यायचे, तर वर्षाला दोनशे माणसांची मर्यादा, आणि जाहिरात करायची नाही. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०१४ मध्ये यावर चर्चेसाठी एक मसुदा काढला होता, पण आमच्यासारख्यांसाठी दार उघडलं नाही. म्हणून मग टी-शर्ट, पोस्टर, शेवटच्या पाट्यांत नाव.

तर जमाखर्च. मागितले पाच लाख, जमले ५,३६,०००. वेबसाइटचं दहा टक्के कमिशन आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी मिळून ६३,२४८ गेले. हातात आले ४,७२,७५२. नऊ दिवसांचं शूटिंग. कॅमेरा, लेन्स, लाइटचं भाडं १,५८,०००. लाइटमन, मेकअप, स्पॉटदादा यांची मजुरी १,१२,०००. कलाकार फुकट, आणि याची लाज आहेच. लोकेशन ५४,०००. जेवण, नाश्ता आणि न संपणारा चहा ६१,५००. टेम्पो-रिक्षा ३८,०००. तीन हार्ड डिस्क २१,०००. टी-शर्ट आणि कुरिअर २६,०००.

एडिटिंगला बसलो त्या दिवशी खात्यात होते २,२५२ रुपये.

हे असं होणार हे मला आधी ठाऊक होतं. आमचा खरा आकडा नऊ लाखांचा होता. पण त्या वेबसाइटवर 'सगळे नाहीतर काहीच नाही' असा नियम : साठ दिवसांत ठरवलेला आकडा गाठला नाही, तर आलेले सगळे पैसे देणाऱ्यांना परत. त्या भीतीने मनात नऊ असताना पानावर पाच लिहिले. पुढचं पुढे बघू म्हटलं. शूटिंगसाठी माणूस उत्साहाने पैसे देतो, सेटवरचे फोटो टाकले की आणखी देतो. साउंड मिक्सिंगसाठी पैसे द्या म्हटलं, तर फोटो कसला टाकणार? हेडफोन लावून बसलेल्या माणसाचा?

पुढे चौदा महिने तिन्ही डिस्क आईच्या लोखंडी कपाटात, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, तिच्या पैठणीखाली होत्या. एडिटर मित्र मालिकेची ड्युटी संपवून रात्री दोननंतर आमचं कापायला बसायचा, तेही जमेल तेव्हा. साउंडचे पैसे मी जाहिरातींची कामं करून भरले. आता रंगसंस्करण राहिलंय, मग डीसीपी, म्हणजे थिएटरात लावायची डिजिटल प्रत.

आणि या चौदा महिन्यांत २१४ जणांना मी एकही मेल पाठवला नाही. कुणी भेटलं की 'होतंय, होतंय'. पैसे संपलेत, हे लिहायची हिंमत नव्हती. भीक शब्दावर मी तुमच्याशी अजूनही भांडेन, पण इथे तुमचं बरोबर आहे. मंडळाची पोरं वर्गणीला दारात येतात तशीच विसर्जनानंतर जिन्यात भेटतात, म्हणून फळा लावावाच लागतो. आम्ही लिंक बंद केली की गायब.

तुम्ही ज्यांना दोन हजार दिलेत ती पोरं बहुधा चोर नसावीत. त्यांचीही डिस्क कुठल्या तरी कपाटात असेल. याने तुमचे दोन हजार वसूल होत नाहीत, हे कळतंय मला.

पावत्या स्कॅन करायला घेतल्यात, रविवारपर्यंत इथेच टाकतो आणि सगळ्यांना मेलही करतो. केटरिंगच्या दोन पावत्या काही केल्या सापडत नाहीत, मिळून ७,४०० रुपयांच्या. त्यांच्यापुढे 'पावती नाही' असं लिहीन.