ओवीखाली लिहिलेले नाव

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हापासून महाराष्ट्रात चाललेली चर्चा मी अमेरिकेत बसून नेमाने वाचतो. निधी ग्रंथांवर खर्चावा की अध्यासनांवर, यावर पुष्कळ लिहिले जाते. आज बोलली-गायली जाणारी मराठी टिपून ठेवणाऱ्या वार्ताहराचा उल्लेख मात्र मला क्वचितच आढळतो. कला-संस्कृतीचे वार्तांकन म्हणजे पुरवणीचे काम, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे, आणि तमाशा कलावंताची आठवण बहुधा पुरस्काराच्या किंवा मृत्यूच्या दिवशी होते.

हे काम निष्ठेने केले तर काय हाती येते, ते पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारतावरील संकेतस्थळावरील जात्यावरच्या ओव्यांत ऐकावे. हेमा राईरकर व गी प्वातवँ हे अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक गावांतून लाखावर ओव्या गोळा केल्या होत्या. त्या दोघांच्या पश्चात, २०१७ पासून, ‘पारी’ने त्या ध्वनी, चित्रफिती आणि छायाचित्रांसह प्रसिद्ध करायला घेतल्या. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातील बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या मी एका पहाटे ऐकल्या. खाली गाणारणीचे नाव, गाव, तालुका, जात, मुले किती, काम कोणते, हे सारे लिहिलेले होते. छापील संग्रहांत ओवीवर ‘पारंपरिक’ असा शिक्का बसतो आणि बाई नाहीशी होते. इथे ती नावानिशी उभी आहे. त्यासाठी वार्ताहरांनी काही गावांत पुन्हा जाऊन त्या बायकांना शोधले, आणि या पेशातले खरे कसब मला त्या परत जाण्यात दिसते, कॅमेरा किंवा मोबाईल हाताळण्यात नव्हे.

परदेशात अशा कामाला सरकारी आधार असतो, असे आपण हेव्याने म्हणतो. अमेरिकेत १९६७ च्या सार्वजनिक प्रसारण कायद्याने तो होता, हे खरे. अलास्कातील बेथेल गावचे केवाययूके हे नभोवाणी केंद्र त्याच बळावर युपिक या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतही बातम्या देत आले. परंतु जुलै २०२५ मध्ये संसदेने सार्वजनिक प्रसारणाचे सुमारे १.१ अब्ज डॉलर परत घेतले, आणि त्याची सर्वाधिक झळ अशाच छोट्या केंद्रांना बसली. एका मतदानाने जाणारा पैसा वार्ताहराच्या उभ्या आयुष्याला पुरत नाही. म्हणून अभिजात निधीतून वार्ताहर पोसावेत, असे मी सुचवणार नाही.

ही जबाबदारी आम्हा बाहेर राहणाऱ्यांनी उचलावी, असे मला मनापासून वाटते. उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांची संघटना असलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या, दर दोन वर्षांनी भरणाऱ्या अधिवेशनाला आम्ही नामवंत कलावंत विमानाने आणतो. त्याच वर्गणीचा एक वाटा बाजूला काढून मराठवाड्यातल्या किंवा खानदेशातल्या एका वार्ताहराला सलग पाच वर्षे पगार द्यावा. विषय तिने ठरवावा. आम्ही एवढेच पाहावे की त्याच गावी तिसऱ्यांदा जाण्यासाठी तिला कुणाची परवानगी मागावी लागत नाही.