तांब्याच्या मॉडेल बॉयलरविषयीच्या संदेशाबाबत खुलासा

वाफेच्या उष्णतेने छोट्या मॉडेल इंजिनांचा तांब्याचा बॉयलर वर्षागणिक टणक व ठिसूळ होतो, म्हणून तो अधूनमधून लाल तापवून नरम करावा, असा संदेश सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे.

तांबे टणक होते ते थंड अवस्थेत ठोकल्याने, वाकवल्याने किंवा ताणल्याने; म्हणूनच पत्र्याच्या कडा वळवताना कारागीर तो पुन्हा पुन्हा तापवून नरम करतो. तापवलेले तांबे पाण्यात बुडवले तरी पोलादासारखे कडक होत नाही. सांधे सिल्व्हर सोल्डरने (वितळवून सांध्यात भरायच्या चांदीमिश्रित धातूने) जोडताना बॉयलर ६०० अंश सेल्सिअसच्या वर जातो, त्यामुळे सांध्यांजवळचे तांबे पहिल्या दिवसापासूनच नरम असते, आणि जाडीचा हिशेबही नरम तांब्याच्या ताकदीवरच करावा लागतो. दर चौरस इंचाला ८० पौंड दाब असताना बॉयलरमधले पाणी जेमतेम १६० अंशांच्या आसपास असते. एवढ्या उष्णतेने तांबे टणक होत नाही. (पहिल्या जलदाब चाचणीत, म्हणजे बॉयलरमध्ये दाबाने पाणी भरून तो तपासताना, सपाट भाग किंचित ताणला जाऊन थोडा कडक होऊ शकतो, पण तो ताणाचा परिणाम आहे.)

उलट, तयार बॉयलर लाल तापवल्यास सांध्यांतील सोल्डरच वितळू शकते. कृपया हा संदेश पुढे पाठवू नये.