एका माणसाचे वरण

वयाच्या ४५व्या वर्षी माझी पुण्याहून नागपूरला बदली झाली, मुलांच्या शाळेमुळे बिऱ्हाड मागेच राहिले, आणि तुरीचे वरण हा पदार्थ एका माणसासाठी करताच येत नाही असा शोध मला लागला. पंगतीला ते उत्तम होते, चौघांना पुरेल इतकेही होते. परंतु एकट्यासाठी डाळ शिजवायला घेतली, की ती हमखास तीन दिवसांची होते.

प्रमाण विचारायला मी आईला फोन केला.

“डाळ किती घेऊ?”

“मूठभर.”

“कोणाच्या मुठीने?”

“अरे, आपल्या!”

आता आईच्या मुठीत लिंबूसुद्धा जेमतेम मावते आणि माझ्या मुठीत क्रिकेटचा चेंडू सहज बसतो. त्यातच पत्नीने सोबत दिलेला कुकर ५ लिटरचा. त्याच्या डब्यात मूठभर डाळ रिकाम्या नाट्यगृहातल्या एकुलत्या प्रेक्षकासारखी दिसे आणि तिला सोबत म्हणून मी आणखी एक मूठ टाकत असे. डाळ शिजून अडीच-तीन पट होते, हे मला तोपर्यंत केवळ ऐकून ठाऊक होते.

मग पहिल्या दिवशी साधे वरण, दुसऱ्या दिवशी त्यातच चिंच-गूळ घालून आमटी आणि तिसऱ्या दिवशी, डाळ संपतच नाही म्हटल्यावर, कणकेचे तुकडे सोडून वरणफळे, असा क्रम लागला. वर पेरायला कोथिंबीर आणायला गेलो, तेव्हा भाजीवाल्या काकू म्हणाल्या, “सांबार पायजे का?” मी घाईघाईने “नको, घरी वरण आहे” असे सांगून परत आलो. नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे कळेपर्यंत आठवडाभर मी बिनकोथिंबिरीचे वरण खाल्ले.

शिट्ट्यांचा घोळ वेगळाच होता. कुकरमध्ये दाब वाढला, की पाणी १०० अंशांऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते आणि त्या उष्णतेने डाळ लवकर शिजते. शिटी ही केवळ जादा झालेली वाफ असते. म्हणजे शिट्ट्या मोजून डाळ शिजली असे मानणे, हे टाळ्या मोजून व्याख्यान समजले असे मानण्यासारखेच आहे. तरीही मी भक्तिभावाने मोजत असे. एका रविवारी पाऊण तास झाला तरी एकही शिटी होईना, तेव्हा कुकर आज शांत आहे याचे मला कौतुकच वाटले. मी तळाशी पाणी घालायला विसरलो होतो. शेवटी झाकणातला सेफ्टी व्हॉल्व्ह वितळला आणि तो जो फुत्कार झाला, त्याने शेजारचे आजोबा काठी घेऊन साप शोधायला आले.

कुकर घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने विचारले, “घरी किती जण?” मी म्हटले, “एकटाच.” “मग एवढा मोठा काहून वापरता, भाऊ?” असे म्हणून त्यांनी मला २ लिटरचा कुकर विकला. त्यात आईच्या मुठीची, म्हणजे माझ्या अर्ध्या मुठीची, डाळ लावली, कढल्यात चमचाभर तुपाची हिंग-जिऱ्याची फोडणी केली आणि प्रथमच अगदी एका माणसाचे वरण झाले. शेवटच्या घासाबरोबर वाटी रिकामी झाली, तेव्हा मला लढाई जिंकल्यासारखे वाटले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कार्यालयातून आलो, सवयीने फ्रिज उघडला, तर आत दिवा तेवढा लागला. कालची आमटी नव्हती, उद्याच्या वरणफळांची आशा नव्हती. घरात माझी वाट पाहणारे एक पातेले होते, तेही मीच नाहीसे केले होते. थोडा वेळ दार तसेच उघडे धरून उभा राहिलो.

शनिवारी मोठ्या कुकरचे झाकण पिशवीत घालून त्याच दुकानात गेलो आणि नवा व्हॉल्व्ह बसवायला सांगितला.

“पाहुणे येऊन राहिले का, भाऊ?” दुकानदाराने विचारले.

“हो,” मी म्हणालो, “तीन दिवस आहेत.”