निवळी

काल सकाळी साडेसातला, उपाशीपोटी, मी डेक्कनजवळच्या एका लॅबमध्ये लघवीची बाटली मुठीत लपवून बसलो होतो. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कसं काम करते ते सांगणारा आकडा, १.४ आलं होतं, जरा जास्तच. जिममधल्या बावीस वर्षांच्या ट्रेनरने प्रोटीन पावडरचा बत्तीसशेचा डबा गळ्यात मारला होता. रोज दोन स्कूप. दंड होते तेवढेच राहिले. पोटात मात्र रात्रभर मालगाडीचं शंटिंग.

शेजारच्या आजोबांनी माझा फॉर्म माझ्याआधी वाचून काढला.

"किडनी?"

"नाही हो, प्रोटीन पावडर घ्यायचो. व्हे."

"व्हे म्हणजे?"

"चीज करताना दूध फाटलं की पाणी उरतं ना, त्याची पावडर."

आजोबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला.

"म्हणजे निवळी."

"तसंच काहीसं."

"चक्का टांगला की पातेल्यात गळते ती?"

"साधारण तीच."

"अगं ऐकलंस का," ते समोरच्या बाकाकडे ओरडले, "हे निवळी विकत घेतात! केवढ्याला म्हणालात?"

मी म्हणालो नव्हतो. पण सांगितलं. रक्त काढणारी मुलगीसुद्धा सुई हातात धरून वळली.

आजी शांतपणे म्हणाल्या, "मी कणकेत घालते. उरली तर कढीपत्त्याच्या कुंडीत. कुंडीला अजून काही झालेलं नाही."

आता मला सगळं पाठ आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने रोज वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे माझ्या सत्तर किलोंना ५८. वरण, दही, अंडी घरात होतीच. वर या दोन स्कूपांचे ४८. त्याच संस्थेने मे २०२४ मध्ये या पावडरी टाळा म्हणून स्पष्ट सांगितलंय : वरून घातलेली साखर, कृत्रिम गोडवा, शिवाय असं भरमसाट प्रोटीन फार काळ घेतलं तर हाडं आणि किडनी. हे मी अर्धा डबा संपल्यावर वाचलं.

डॉक्टर म्हणाले, धडधाकट किडनी एवढ्याने सहसा बिघडत नाही. पण तुमची धडधाकट होती हे आधी कोणी बघितलं होतं? त्यात ट्रेनरने क्रिएटिन ही स्नायूंसाठीची दुसरी पावडरही दिलेली, तिनेच क्रिएटिनिनचा आकडा चढला असेल. थोडक्यात, बहुतेक मला काहीही झालेलं नाही, आणि ते सिद्ध करायला आणखी नऊशे रुपये. ट्रेनर म्हणतो, "सील फोडलंय सर, रिटर्न नाही." सर म्हणे!

आजोबांचा नंबर आला. उठता उठता वाकून म्हणाले, "डबा रिकामा झाला की टाकू नका. झाकण घट्ट बसतं ना?"

"बसतं."

"हरभऱ्याची डाळ राहील."

रविवारी न्यायला येणार आहेत.