दवाखान्याला कुलूप दिसलं की वर पाहावं

राजेहो, गावच्या उपकेंद्राला कुलूप असेल, दुपारची एसटी आठ दिवसांपासून आली नसेल आणि शाळेत चार वर्गांना मिळून एकच मास्तर उरला असेल, तर घाबरून जाऊ नका. कोणाला फोन लावू नका, अर्ज तर मुळीच लिहू नका. रात्री जेवणं झाली की बाज अंगणात टाका, उताणे पडा आणि चंद्र शोधा. तुमचा डॉक्टर तिथं गेला आहे.

हे निदान माझं नाही, आमच्या पानठेल्याचं आहे. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चं विक्रम लँडर चंद्रावर उतरलं, तेव्हा आम्ही तीसेक जण एकाच मोबाइलात डोकं घालून उभे होतो. (१९०१ पासूनच्या देशाच्या नोंदींतला सगळ्यात कोरडा ऑगस्ट तो. वावरात सोयाबीन माना टाकून होतं, आणि ढग कुठंच नाहीत हे आपले उपग्रह फार स्वच्छ दाखवत होते.) टाळ्या झाल्या. पेढे नव्हते म्हणून सुपारी-तंबाखूचा खर्रा वाटला. आठवड्याभरात मात्र ठेल्यावर दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे, ६१५ कोटींत चंद्र, छाती फुगवा. दुसरी म्हणे, ६१५ कोटींत दवाखाने किती झाले असते, ते सांगा.

तुम्ही कोणत्याही पार्टीत जा, माझी हरकत नाही. दोन्हीकडं मान वरच ठेवायची असते, तेवढं सांभाळा. मान खाली आली की वावराचा धुरा दिसतो, रस्ता दिसतो, रस्त्याच्या कडेचा टेंडरचा बोर्ड दिसतो, आणि मग रात्रभर झोप नाही.

अभिमानाच्या पार्टीत गेलात तर दोन-चार आकडे पाठ ठेवा. मंगळयानाला खर्च ४५० कोटी, प्रवास ६५ कोटी किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला सात रुपये पडले. इथंच थांबा. पुढं तुलना करायला जाऊ नका. मी गेलो आणि फसलो. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या सुनेला रात्री अकराला कळा सुरू झाल्या. सरकारी गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. खासगी गाडीवाल्यानं जिल्ह्यापर्यंतच्या ३८ किलोमीटरचे अडीच हजार घेतले. किलोमीटरला ६५ रुपयांच्या वर. म्हणजे आमच्या गावाहून जिल्ह्यापेक्षा मंगळ स्वस्त. मुलगी झाली, दोघी सुखरूप. वार मंगळवार होता, तेवढाच काय तो आमचा त्या ग्रहाशी संबंध.

याच पार्टीतला एक जण त्या दिवसांत मोबाइलमधून वाचून दाखवायचा, की प्रज्ञान रोवर, म्हणजे लँडरातून चंद्रावर उतरलेली गाडी, सेकंदाला एक सेंटिमीटर चालते. मागून एक म्हातारा म्हणाला, "म्हंजे आपल्या फायलीपेक्षा पयते!" असल्या माणसांना पुढं बसू देऊ नका.

संतापाची पार्टी मात्र जास्त शिस्तीची. तिथं पहिला नियम असा, की सगळा पैसा एकाच तिजोरीतला समजायचा. अवकाश खात्याचा पैसा दिल्लीचा, आणि दवाखान्यातला डॉक्टर, लाल परी, झेडपीचा मास्तर यांचा भार मुख्यतः मुंबईवर, हा फरक कोणी काढलाच तर त्याला "तू कोणाचा माणूस?" असं विचारायचं. डॉक्टरची जागा का भरली नाही, हे विचारायला मुंबई लांब पडते. चंद्र कसा, रोज अंगणात येतो. त्याला शिव्या दिल्या तर तो गुन्हा दाखल करत नाही आणि निवडणुकीलाही उभा राहत नाही.

सांभाळायचं ते आमच्या गुरुजींसारख्या माणसांना. रिटायर झालेले, गणिताचे, त्यामुळं धोकादायक. त्यांनी एकदा खर्ऱ्याच्या कागदावर हिशोब मांडला. २०२३-२४ चा केंद्राचा अर्थसंकल्प सुमारे ४५ लाख कोटींचा, त्यात अवकाश खात्याला १२,५४४ कोटी. शंभर रुपयांतले २८ पैसे. मग चष्मा वर करून म्हणाले, "अठ्ठावीस पैसे चंद्रानं नेले, मंजूर. बाकीचे नव्व्याण्णव रुपये बहात्तर पैसे कोनं नेले, ते सांगा मले."

ठेल्यावर कोणी बोलेना. दोन्ही पार्ट्या एकाच वेळी गप्प झालेल्या मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या.

गुरुजींना तेवढ्यानं भागत नाही. त्यांनी दुसरा कागद मागितला. पृथ्वीपासून चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटर. ६१५ कोटी भागिले तेवढे, म्हणजे किलोमीटरला १६ हजार रुपये. यान गोल गोल फिरत गेलं, ते अंतर धरलं तर आणखी कमी. आणि आपल्या पवनारहून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीला जो शक्तिपीठ महामार्ग ठरला, तो २०२५ च्या आराखड्यात ८०२ किलोमीटरचा, अंदाजे खर्च ८६ हजार कोटी. किलोमीटरला १०७ कोटी. एका महामार्गात जवळपास १४० चांद्रयानं.

यावर काय उत्तर द्यायचं, ते तयार ठेवा. सांगा, गुरुजी, चंद्राच्या वाटेवर भूसंपादन नाही, टोल नाही, पुढच्या वर्षी खड्डे बुजवायचं कंत्राट नाही. असल्या रस्त्यात चार लोकांचं भलं कसं होणार? गुरुजी गप्प बसले नाहीत तर "विकासविरोधी" म्हणा आणि चहा सांगा.

त्यांची दुसरी खोड विक्रम साराभाईंची, म्हणजे आपल्या अवकाश कार्यक्रमाचा पाया घातला त्यांची. गरीब देशाला अवकाश कशाला, हा प्रश्न साराभाईंच्या वेळीही होताच, आणि त्यांचं उत्तर असं, की चंद्र-मंगळाच्या शर्यतीत श्रीमंत देशांशी बरोबरी करायची नाही, माणसांच्या खऱ्या अडचणींसाठी हे तंत्र वापरायचं आहे. साराभाई १९७१ मध्ये गेले. १९७५-७६ मध्ये सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत उपग्रहावरून टीव्ही दाखवला, शेतीचा, आरोग्याचा, शाळेच्या पोरांसाठी. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता, पण गुरुजी ते असं सांगतात जणू टीव्ही त्यांच्याच वर्गात लावला होता. उपग्रह खेड्यासाठी वापरला होता हे एकदा का लोकांच्या डोक्यात शिरलं, की चंद्र हवा की दवाखाना ही भांडणाची सोयच राहत नाही. मग लोक दोन्ही मागतील. म्हणून हा विषय निघाला की कापसाचा भाव विचारा. कोणताही विषय मोडायला तो पुरतो.

शाळेचं थोडक्यात सांगतो. चंद्रावर उतरून महिना झाला होता, तेवढ्यात, सप्टेंबर २०२३ मध्ये, २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचे प्रस्ताव मागवले गेले. अशा शाळा तेव्हा राज्यात १४ हजारांहून जास्त होत्या. कायद्यानं पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी. पोरगी विचारेल, नवी शाळा किती लांब? तिला सांगा, बाई, प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो. चार किलोमीटरचं काय घेऊन बसलीस!

आणि अवकाशातून खेड्याला काही मिळत नाही, असं तर कधीच म्हणू नका. मिळालेलं आहे, आपल्या विदर्भात. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात आकाशातून धातूचं कडं पडलं, सुमारे तीन मीटर व्यासाचं. चिनी रॉकेटचा तुकडा असावा, असं जाणकारांनी सांगितलं. अर्ज नाही, आधार लिंक नाही, सातबारा नाही, ई-पीक पाहणीचा फोटो नाही, थेट गावपोच. सुदैवानं कोणाच्या डोक्यात पडलं नाही. लगोलग अधिकारी आले, पोलिसांनी कडं ठाण्यात नेऊन ठेवलं, पुढं इस्रोचे शास्त्रज्ञही येऊन पाहून गेले. गारपिटीनंतर तलाठ्याची वाट पाहून ज्यांचे डोळे पांढरे झाले आहेत, त्यांनी हा वेग नीट लक्षात घ्यावा.

म्हणून शेवटी एक कामाचा सल्ला. घरामागं जुन्या बंडीचं चाक पडलं असेल, त्याची लोखंडी धाव काढा. कापसाच्या पराटीच्या आगटीत रात्रभर काळी करा. पहाटे उपकेंद्राच्या अंगणात, कुलपाच्या बरोबर समोर, थोडी मातीत रुतवून ठेवा आणि आकाशातून मोठा आवाज आला होता, असं गावभर सांगा. दुपारपर्यंत तहसीलची जीप येईल, पोलीस येतील, खबरदारी म्हणून ॲम्ब्युलन्स आणि तिच्यात एक डॉक्टरही येईल. व्यास कमी का, असं विचारतील. रॉकेट लहान असेल म्हणा. डॉक्टर उतरला की आधी म्हातारीचं बीपी पाहून घ्या, कड्याचं नंतर बोलता येईल.