पंखा फिरण्याआधीचा अर्धा तास

हेलिकॉप्टर रुग्णवाहिकेचा फोटो टाकला की लाइक धो-धो पडतात. त्याच संस्थेत हेडफोन लावून फोन घेणाऱ्या माणसाचा फोटो कुणी टाकत नाही आणि टाकला तरी कुणी थांबून बघत नाही. माझं मत असं आहे की गरीब देशातली धर्मादाय हेलिकॉप्टर सेवा चालते की बुडते, हे त्या फोनवाल्याच्या खुर्चीत ठरतं. हैतीकडे बघितलं तर हे फार लख्ख दिसतं, म्हणून तिथल्याबद्दल लिहितो.

हैतीचं क्षेत्रफळ 27,750 चौ. किमी, म्हणजे आपले अहिल्यानगर आणि सातारा हे दोन जिल्हे जोडले की झालं. लोकसंख्या एक कोटीच्या वर, बराचसा देश डोंगराळ, आणि गंभीर जखमींवर उपचार करू शकणारी बहुतेक रुग्णालयं वर्षानुवर्षं राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये एकवटलेली. तिथे 2014 पासून ‘हैती एअर अ‍ॅम्ब्युलन्स’ ही ना-नफा संस्था बेल 407 जातीच्या हेलिकॉप्टरवर रुग्ण नेते. एक इंजिन, एक पायलट, मागे एक-दोन वैद्यकीय माणसं आणि एक स्ट्रेचर.

श्रीमंत देशात हेलिकॉप्टर बोलावतात ते वेळ वाचवायला. ‘गोल्डन अवर’ (जखम झाल्यानंतरचा पहिला मोलाचा तास) वगैरे भाषा तिथून आली. हैतीत हिशोबच वेगळा आहे. राजधानीतून दक्षिणेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग मार्तिसाँ या वस्तीतून जातो आणि जून 2021 मध्ये तो टोळ्यांच्या ताब्यात गेला. म्हणजे ‘ले काय’ किंवा ‘जेरेमी’ या तिकडच्या शहरांतून निघालेली साधी रुग्णवाहिका राजधानीत उशिरा पोहोचेल असं नाही, ती पोहोचेल याचीच खात्री नाही. शिवाय कित्येक रुग्ण असे असतात की जखम झाल्याला दोन-तीन दिवस उलटलेत, गावच्या दवाखान्यात कसंबसं तगवून ठेवलंय. अशा ठिकाणी हेलिकॉप्टरचं मोल वेगावरून मोजणं चूक आहे. ते नसलेल्या रस्त्याची जागा भरतंय. त्यामुळे ‘फोन आल्यापासून किती मिनिटांत उड्डाण’ हा आकडा कुणी अभिमानाने सांगू लागलं की मला शंका येते. इथे दहा मिनिटांत उडणाऱ्यापेक्षा अर्धा तास फोनवर घालवून उडणारा मला जास्त भरवशाचा वाटतो.

त्या अर्ध्या तासात काय होतं? आधी रुग्णाची माहिती: वय, वजन, काय झालं आणि कधी, नाडी, रक्तदाब, श्वास, ऑक्सिजनची टक्केवारी, शुद्धीवर आहे का, सलाईन कुठल्या हाताला आहे, कोणतं औषध किती वाजता दिलं. यात वजन सगळ्यात दुर्लक्षित. दवाखाना ‘असेल साठ-पासष्ट’ म्हणतो आणि स्ट्रेचरवर नव्वद किलो निघतात.

मग जागा. खेड्यातून येणारे अक्षांश-रेखांश हा स्वतंत्र डोकेदुखीचा विषय आहे. ‘18 अंश 30 मिनिटं’ हे कुणी 18.30 असं लिहून पाठवलं आणि इकडे ते दशांश म्हणून वाचलं, तर हेलिकॉप्टर 22 किलोमीटर चुकीच्या जागी जातं, कारण 30 मिनिटं म्हणजे अर्धा अंश, 0.30 नव्हे. डोंगरात 22 किलोमीटर म्हणजे दुसरं खोरं. म्हणून आकडे परत वाचून दाखवायचे, आणि जवळची खूण विचारायची: चर्च, फुटबॉलचं मैदान, नदीचं वळण. हवामान विचारतानाही ‘ढग आहेत का’ असं विचारून उपयोग नाही. ‘समोरच्या डोंगराचा माथा दिसतोय का’ असं विचारलं की खरं उत्तर मिळतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: खाट. ज्या रुग्णालयात न्यायचंय तिथल्या डॉक्टरने, नावानिशी, ‘घेतो’ म्हटल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. सर्जन आज आहे का, भूल देणारा आहे का, त्या गटाचं रक्त आहे का, विमानतळावरून न्यायला गाडी कोण पाठवतंय. यातलं एक जरी राहिलं तरी अर्धमेला माणूस धावपट्टीच्या कडेला उन्हात पडून राहतो आणि इकडे फोनाफोनी सुरू होते. गावच्या दवाखान्यात निदान सावली होती, ओळखीची नर्स होती. खाट न ठरवता उडालेलं हेलिकॉप्टर रुग्णाला आधीपेक्षा वाईट जागी नेऊन सोडू शकतं.

नकार देणं हाही त्याच खुर्चीतल्या माणसाचा धर्म आहे. बेल 407 मध्ये सहसा पायलटच्या शेजारची सीट काढून स्ट्रेचर डाव्या बाजूने लांबवर टाकतात. रुग्णाचं डोकं-छाती मागे नर्सपाशी आणि पाय पुढे पायलटच्या बगलेत. याचे दोन परिणाम. डोक्याला मार लागून हातपाय झाडणारा रुग्ण तसाच चढवला तर लाथ थेट पायलटच्या दिशेने जाते. त्याला आधी शांत करणारं औषध द्यायचं, गरज असेल तर श्वासनलिकेत नळी घालायची, मगच न्यायचं. दुसरा परिणाम बाळंतिणीचा. नर्सचा हात कमरेच्या खाली पोचतच नाही. कळा जोरात आहेत, पिशवीचं तोंड पूर्ण उघडलंय, तर तिला उडवू नये. दवाखान्यातच बाळंत होऊ द्यावं आणि नंतर गरज पडली तर दोघांना न्यावं. याउलट गरोदरपणातले झटके असतील तर उड्डाणाआधी मॅग्नेशियम सल्फेटचे 4 ग्रॅम शिरेतून सावकाश देऊन, झटके थांबवून न्यायचं. बाळंतपणानंतर रक्तस्राव होत असेल तर ऑक्सिटोसिन, आणि तीन तासांच्या आत असेल तर ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडचा 1 ग्रॅम, हे जमिनीवरच. हवेत इतका आवाज आणि थरथर असते की स्टेथोस्कोप गळ्यात दागिन्यासारखा राहतो.

उंचीचा त्रास लोकांना विमानातच होतो असं वाटतं. दीड हजार मीटरवर, म्हणजे डोंगर ओलांडायला लागेल तेवढ्याच उंचीवर, बंद जागेतली हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे 20 टक्के फुगते. छातीत फुप्फुसाबाहेर हवा साठलेली असेल तर ती फुगून फुप्फुस दाबते. म्हणून छातीतली नळी आधी घालायची. श्वासनळीतल्या ट्यूबचा फुगा चढताना तपासायचा, उतरताना पुन्हा, कारण उतरताना तोच सैल पडतो. ताजं प्लॅस्टर गोल बांधलेलं असेल तर दोन्ही बाजूंनी चिरून ठेवायचं. काचेची सलाईनची बाटली तर नकोच.

ऑक्सिजनचं गणित तर शाळकरी आहे, तरी तिथेच चुकतं. मिनिटाला 15 लिटर लागणाऱ्या रुग्णाला 425 लिटरचं छोटं सिलिंडर 28 मिनिटं पुरतं. जेरेमी ते राजधानी सरळ रेषेत सुमारे 190 किलोमीटर, ताशी 245 च्या वेगाने पाऊण तासाच्या वर. त्यात चढवणं, उतरवणं, गाडीची वाट पाहणं धरा आणि एकूण वेळेच्या दुपटीचा साठा घ्या.

इंधनाचंही तसंच. टाकी सुमारे 480 लिटरची, ताशी खप 170 ते 180 लिटर, म्हणजे हवेत पावणेतीन तास. जेरेमीला जाऊन यायला तासाभराच्या वर अर्धा तास सहज, शिवाय अर्ध्या तासाची शिल्लक. जमतं, पण ऐसपैस नाही. आता सोबत येऊ पाहणाऱ्या नातेवाइकाचं बघा. 60 किलोचा माणूस म्हणजे वजनाच्या हिशोबात 75 लिटर इंधन, म्हणजे 25 मिनिटांचं उड्डाण. त्यात उंची आणि ऊन भर घालतात. हजार मीटर उंचीवरच्या गावात 30 अंश तापमान असेल तर पात्यांना आणि इंजिनाला तिथली हवा सुमारे 1,800 मीटरवरच्या हवेइतकी विरळ वाटते. तिथून उचलताना पायलट ‘कुणीतरी उतरा’ म्हणतो, तो निर्दयपणा नसतो. पण मग सात वर्षांचं मूल एकटं राजधानीत पोचतं, सही करायला कुणी नाही, ओळखपत्र नाही. मुलाच्या बाबतीत पालक घ्यायचाच आणि सामान किंवा इंधनात काटकसर करायची, हा नियम आधीच लिहून ठेवलेला असावा. मैदानात उभं राहून ठरवायची गोष्ट नव्हे ही.

उतरायला 30 बाय 30 मीटर मोकळी जागा पुरते, पण मोकळी म्हणजे खरोखर मोकळी. वरून विजेची तार दिसत नाही, खांब दिसतो. म्हणून खालच्या माणसाने तारेबद्दल आधी सांगायचं. धूळ असेल तर पाणी मारायचं, नाहीतर शेवटच्या पाच मीटरला पायलटला जमीनच दिसत नाही. छपराचे सुटे पत्रे, प्लॅस्टिकची ताडपत्री, वाळत घातलेले कपडे हटवायचे. गर्दी 60 मीटर लांब. मागच्या छोट्या पंख्याकडे कुणीही, कधीही फिरकायचं नाही. उतारावर हेलिकॉप्टर असेल तर वरच्या अंगाने जायचं नाही, कारण त्या बाजूला मोठी पाती डोक्याच्या उंचीवर येतात. हे शिकवायला हेलिकॉप्टर लागत नाही. एक मोटरसायकल, एक तक्ता आणि दर सहा महिन्यांनी उजळणी पुरते. पण देणगीदाराला याचा फोटो काय दाखवणार!

14 ऑगस्ट 2021 च्या 7.2 तीव्रतेच्या भूकंपात दक्षिण हैतीत 2,200 च्या वर माणसं गेली आणि बारा हजारांवर जखमी झाली. रस्त्याचा भरवसा नव्हताच, त्यामुळे हेलिकॉप्टरांवर भार आला, आणि दोनच दिवसांनी ‘ग्रेस’ वादळ येऊन धडकलं. तिथून पुढे तर आकाशही सुरक्षित राहिलं नाही. 24 ऑक्टोबर 2024 ला राजधानीवरून जाणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या हेलिकॉप्टरला गोळ्या लागल्या, ते सुखरूप उतरलं. पुढच्याच महिन्यात प्रवासी विमानावर गोळीबार झाला आणि विमानतळ बंद पडला. डिसेंबरमध्ये राजधानीतलं बर्नार्ड मेव्स रुग्णालय जाळलं गेलं. 2013 मध्ये उभं राहिलेलं मिर्बालेचं 300 खाटांचं विद्यापीठ रुग्णालय 2025 च्या वसंतात टोळ्यांनी ते गाव घेतल्यावर बंद करावं लागलं.

म्हणजे जिथे रुग्ण न्यायचे तीच ठिकाणं एकेक करून मिटत गेली. अशा वेळी हेलिकॉप्टरचा एक गुण कामी येतो, त्याला दिशा बदलता येते. राजधानीऐवजी उत्तरेला काप-आयसियन शहराजवळच्या मिलो गावातल्या रुग्णालयाकडे किंवा दक्षिणेत फाँ-दे-ब्लाँच्या सेंट बोनिफेस रुग्णालयाकडे तोंड वळवता येतं. पण कोणाकडे आज सर्जन आहे, कोणाचं डिझेल संपून जनरेटर बंद आहे, ही रोजची यादी कुणीतरी सकाळी फोन करून बनवावी लागते. पुन्हा तीच खुर्ची.

पैशाबद्दल थोडं. इंधनासाठी लोक देतात, ‘एका रुग्णाचं उड्डाण’ म्हणून देतात. पण हेलिकॉप्टरच्या कित्येक भागांचं आयुष्य तासांत ठरलेलं असतं. तेवढे तास झाले की भाग चांगला दिसत असला तरी काढून टाकायचा. समुद्राकाठची खारी हवा आणि धूळ इंजिनाच्या कॉम्प्रेसरला खाते, म्हणून तो शुद्ध पाण्याने नियमित धुवावा लागतो. उडालेल्या प्रत्येक तासामागे बदलीच्या भागांसाठी रक्कम बाजूला पडत नसेल, तर ती संस्था आज उडतेय ते उद्याच्या पैशांवर. केनियात 1957 मध्ये तीन सर्जनांनी सुरू केलेल्या अ‍ॅम्रेफ या आरोग्यसंस्थेच्या फ्लाइंग डॉक्टर्सनी (त्यांची मुख्यतः विमानं) पैसे भरणारे रुग्ण आणि ‘माइशा’ ही वार्षिक वर्गणी यांतून कमाई करून गरिबांची उड्डाणं काढली. मला हा मार्ग पटतो. श्रीमंताकडून पूर्ण पैसे घ्यायला धर्मादाय संस्थेने लाजू नये.

आपल्याकडे हा विषय निघाला की लगेच ‘गडचिरोलीत का नाही’ हा प्रश्न येतो. ऋषिकेशच्या एम्समधून 29 ऑक्टोबर 2024 ला ‘संजीवनी’ ही मोफत हेली-रुग्णवाहिका सुरू झाली. मे 2025 मध्ये तिचं हेलिकॉप्टर केदारनाथजवळ उतरताना शेपटी मोडून बसलं. आतले तिघेही वाचले, पण एकच हेलिकॉप्टर असलं की एका दणक्यात सेवा जमिनीवर येते हे त्यातून दिसलं. गडचिरोलीतल्या भामरागडचं दुखणं आणखी निराळं आहे. हैतीत रस्ता बंदुकीने बंद होतो, वर आकाश बहुधा निरभ्र असतं. भामरागडला पर्लकोटा नदीच्या पुराने रस्ता बंद होतो, आणि ज्या पावसाने पूर आणला त्याच पावसाचे ढग जंगलावर टेकलेले असतात. नजरेने उडणाऱ्या हेलिकॉप्टरला नेमक्या त्याच दिवशी ‘नाही’ म्हणावं लागेल. तिथे दिवस भरत आलेल्या बाईला पुराच्या आधीच प्राथमिक आरोग्य केंद्राशेजारच्या माहेरघरात आणून ठेवणं, सोबत येणाऱ्याच्या बुडालेल्या मजुरीची आणि जेवणाची सोय करणं, यावर पहिला रुपया खर्च व्हावा. हेलिकॉप्टर घ्या जरूर, पण ते उघडीप मिळालेल्या दिवसांसाठी, साप चावलेल्यासाठी, झाडावरून पडलेल्यासाठी. आणि ते यायच्या वर्षभर आधी फोनवर बसणारी आठ-दहा माणसं नेमा, माडिया बोलणारी.